चौघांचा घोडा

बाबा गेले त्याच्या चौथ्या दिवशी मी मायला ठणकावून सांगितलं, "माय, तू बिलकूल काळजी करू नको. बाबांच्या मागचं सगळं मी दहा दिवसांत निस्तरते!"

हे मी उगाच बोलत नव्हते. अमरावतीच्या नगरपालिकेच्या शाळेत तीन वर्षं वेळापत्रक मीच लावत असे. सात वर्ग, पाच बाया आणि एकच फळा, हे गणित ज्या बाईला सुटतं तिला काय अवघड? मी वही काढून यादी केली. प्रॉव्हिडंट फंडाचे कागद. रेशनकार्डावरचं नाव. दवाखान्याची किल्ली परत करणे. आणि घोडा.

घोडा शेवटी लिहिला, कारण तो सगळ्यांत सोपा वाटला. एक तर तो पूर्ण आमचा नव्हता. आमच्या वाट्याला पावच घोडा होता! पाव घोडा निस्तरायला कितीसा वेळ लागणार?

घाई होती ती माझ्या नेमणुकीची. एक फेब्रुवारी १९६०, सोमवार, या दिवशी मला धारणीच्या शाळेत हजर व्हायचं होतं. कायमची नोकरी. 'हजर न झाल्यास जागा पुढील उमेदवारास देण्यात येईल,' असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. ते पत्र बाबांनी दोनदा वाचलं आणि उशाखाली ठेवलं. तिसऱ्यांदा वाचायला ते राहिले नाहीत. बारा जानेवारीला गेले.

आता घोड्याविषयी सांगते.

माझे वडील पुंजाराम गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. तीस वर्षं त्यांनी म्हशींना काढे पाजले आणि बकऱ्यांची गळवं बांधली. सत्तावन साली उन्हाळ्यात ते कामासाठी अकोल्याला गेले आणि येताना पाव घोड्याचे मालक होऊन आले. पुण्याच्या शर्यतीच्या मैदानावरून एक घोडा स्वस्तात निघाला होता. ही खबर आणली इनायतुल्लांनी. ते अकोल्यात खोगीर, लगाम आणि टांग्याचा साज शिवत. चहाच्या दुकानात त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं, "पुण्या-मुंबईचे लखपती असंच करतात! एक घोडा, चार मालक. खर्चा पाव, इज्जत पूरी!"

चौघांतले दुसरे वामनराव. अकोल्याच्या कोर्टाबाहेर वडाखाली बसून ते लोकांचे अर्ज लिहीत. तिसरे खुशालराव, नांदगाव खंडेश्वरचे पाटील, पंचवीस बैलांचे धनी. त्यांनी बाबांना भागीदारीत का घेतलं हे उघड होतं. घोडा आजारी पडला तर औषध फुकट! बाबांनाही ते कळत होतं. तरी त्यांनी आपला पाव हिस्सा रोख मोजून दिला आणि कराराच्या कागदावर सही केली. खुशालरावांच्या सहीच्या खाली नाही, बरोबरीनं, त्याच ओळीत. तो कागद बिस्किटाच्या डब्यात असे. माझं मॅट्रिकचं प्रमाणपत्र त्याच्याखाली.

घोड्याला कागदावर तीन शब्दांचं इंग्रजी नाव होतं, ते कोणालाच म्हणता येईना. मग इनायतुल्ला त्याला शहजादा म्हणू लागले, वामनराव प्रिन्स, खुशालराव राजा. बाबा म्हणत, भाऊ. मी एकुलती एक. तेविसाव्या वर्षी मला भाऊ झाला, तो सोळा मुठी उंच. चार नावांपैकी एकाही नावाला तो मान वळवत नसे. हरभऱ्याचं टोपलं वाजलं की मात्र वळवे.

करार वामनरावांनी लिहिला होता, म्हणजे तो भक्कम होता. घोडा प्रत्येकाकडे पंधरा-पंधरा दिवस राहील. ज्याच्या दारात घोडा, त्याचा खर्च. पंधरवडा संपला की पुढच्या भागीदारानं स्वतः येऊन घोडा न्यावा. आधीच्यानं तो नेऊन सोडू नये. हे कलम खास खुशालरावांसाठी मागाहून घातलं होतं. पहिल्याच वेळी त्यांनी पाचव्या दिवशी घोडा गड्याबरोबर अकोल्याला धाडून दिला होता! आणि शेवटचं कलम: चौघांच्या सह्यांशिवाय घोडा विकता येणार नाही.

पंधरा दिवसांत घोडा खाऊन खाऊन खाईल किती? असं आम्हालाही वाटलं होतं. पहिल्या पंधरवड्यात त्यानं आमचा वर्षाचा हरभरा संपवला. त्यानंतर आमच्या घरी डाळ पातळ झाली आणि भाऊ जाड झाला. नाल ठोकायचे, ते साध्या टांग्याच्या घोड्याचे चालत नाहीत म्हणे. मालिशला तीळतेल. हिरवी लसूणघास रोज. बाबांनी सायकल विकली. घोड्याचा मालक झाल्यापासून माझे वडील दवाखान्यात पायी जाऊ लागले.

अकोल्याहून घोडा आणायचा म्हणजे तीन दिवसांची चाल. बाबा रजा काढून जात. हातात लगाम, पाठीवर हरभऱ्याचं पोतडं, आणि शेजारून भाऊ मोकळ्या पाठीनं झुलत येतोय!

"बसत काहून नाही त्याच्यावर?" माय विचारायची.

"तो थकला असंन," बाबा म्हणत.

आणि एक घड्याळ आलं. रेल्वेच्या एका निवृत्त गार्डाकडून बाबांनी खिशातलं जुनं घड्याळ घेतलं. घोड्याचा वेग मोजायला! अठ्ठावनच्या हिवाळ्यात अकोल्याला जनावरांचं प्रदर्शन भरलं, त्यात घोड्यांची शर्यत होती. बाबा इस्त्रीची टोपी घालून दोरीशी उभे राहिले, घड्याळ तळहातावर. निशाण पडलं. सात घोडे धुरळा उडवीत गेले. भाऊ उभा होता. स्वारानं टाच मारली, चुचकारलं, शिव्या दिल्या. भाऊनं एकदा मान खाली घालून गवत हुंगलं. घड्याळ पळत होतं, घोडा उभा होता. बाबांनी पूर्ण चार मिनिटं मोजली.

"त्याची मर्जी नव्हती आज," घरी येऊन ते एवढंच म्हणाले.

एकोणसाठच्या डिसेंबरात थंडी जास्त पडली. भाऊ खोकायला लागला आणि त्याच आठवड्यात बाबाही. पंधरवडा इनायतुल्लांचा होता, पण घोडा खोकतो म्हटल्यावर बाबा आठ दिवस आधीच जाऊन घेऊन आले. घरातली जाड घोंगडी भाऊच्या पाठीवर गेली. बाबांनी दवाखान्यातून येऊन एक मोठी बाटली औषध बनवलं. बाटली एकच. दोघांचा खोकला सारखाच आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

भाऊचा खोकला नवव्या दिवशी बरा झाला.

तर अशी ही परिस्थिती. सोळा जानेवारीपासून पंधरवडा खुशालरावांचा. त्यांनी येऊन घोडा न्यायचा, की माझ्या यादीतलं शेवटचं नाव खोडलं! सोळाला खुशालराव आले. पांढरं धोतर, काळा कोट, चेहरा पडलेला. हातात दोर नव्हता.

"लय वाईट झालं, मास्तरीनबाई," ते ओट्यावर बसत म्हणाले. "मानूस देवावानी होता."

"घोडा तयार आहे, पाटील. साजासकट."

"घोडा?" त्यांनी दचकून अंगणाकडे पाहिलं, जसा काही तो तिथे आत्ताच उगवला. "त्याले कसा नेता येईन? सुतकात हाय तो!"

"कोण?"

"राजा! पुंजाराम गेला तवा तो या घरात होता का नाही? मंग! घरातल्या जित्राबालेही सुतक असते. तेरा दिस हात लावता येत नाही."

मी शांतपणे म्हणाले, "पाटील, आम्ही सुतक पाळत नाही. छप्पन साली दीक्षा घेतली आम्ही."

"तुमी घेतली. घोड्यानं घेतली काय?"

मी मराठीतलं बरंच वाचलेलं आहे, थोडं इंग्रजीही. पण घोड्याच्या धर्मावर एकाही पुस्तकात काही सापडल्याचं मला आठवेना.

"घोड्यानं दीक्षा घेतली नाही," मी म्हणाले, "पण सुतकही पाळलेलं नाही. बाबा गेले त्या दिवशी त्यानं दोन शेर हरभरा खाल्ला."

"पाहा! दुःखात मानूस जास्त खाते," खुशालराव म्हणाले आणि चहा पिऊन निघून गेले.

आता तेरा दिवस! चोविसाला आम्ही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला. दवाखान्यातले लोक आले, शाळेतल्या बाया आल्या. बाबांच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता. वंदना संपून सगळे दोन मिनिटं डोळे मिटून उभे राहिले. डोळे उघडले तेव्हा हार नव्हता. खिडकीतून एक लांब तोंड चावत होतं! दवाखान्याचे डॉक्टर साहेब भाषणाला उभे होते. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पुंजाराम असते तर म्हणाले असते, झेंडूनं पोट बिघडत नाही." सगळे हसले. मायही हसली. मी हसले नाही. माझ्या यादीत तो अजून उभा होता.

पंचविसाला निरोप आला. घरधनी गेला त्या दारचा घोडा अपशकुनी, पाटलांच्या घरचे नको म्हणतात. मी वामनरावांना तार केली: 'घोडा विका.' वामनरावांचं पोस्टकार्ड आलं: 'कलम अकरान्वये चौघांच्या सह्या आवश्यक. पैकी एक सहीकर्ता मयत. वारस दाखला सादर केल्यास विचार करता येईल. दाखल्यास सहा महिने लागतात. आपल्या दुःखात सहभागी.'

सहा महिने! धारणीची नोकरी पाच दिवसांवर!

तेव्हा मी ठरवलं, की घोडा न्यायला कोणी येत नसेल तर घोडा नेऊन उभा करायचा. वामनरावांना आणि इनायतुल्लांना दुसरी तार केली: 'शुक्रवारी नांदगाव, पाटलांच्या ओट्यावर या.' माझ्या वेळापत्रकाच्या वहीत शुक्रवारच्या रकान्यात मी लिहिलं, 'घोडा संपला.'

"मीही येतो," माय म्हणाली.

"तू कशाला? चोवीस मैल आहे!"

"माहं गाव हाय ते. मी जलमली तठी, तू नाही."

गुरुवारी पहाटे निघालो. मी, माय आणि खोगीर चढवलेला भाऊ. बडनेऱ्यात पोरं मागं लागली, "ओ बाई, सर्कस कोठी हाय?" लोणीला मावशीकडे मुक्काम केला. माझ्या टाचांना फोड आले. दोघींपैकी एकीनंही घोड्यावर बसायचं नाव काढलं नाही. का नाही, ते लोणीच्या पुढे माय बोलली तेव्हा मला कळलं. म्हणजे आधी माहीत होतं, पण ती गोष्ट बाबांच्या तोंडून ऐकलेली होती आणि बाबा ती गंमत म्हणून सांगत.

बाबांच्या लग्नात त्यांच्या मामानं कुठून तरी एक तट्टू आणलं होतं. नवरदेव त्यावर बसून नांदगावच्या वेशीपर्यंत आला. वेशीवर खुशालरावांचे वडील उभे होते. काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. बाबा उतरले. "तट्टू इतकं म्हातारं होतं," बाबा सांगत, "मी उतरलो त तेनं माहे आभार मानले!" आणि मोठ्यानं हसत.

"हसाचं काय होतं त्यात?" माय रस्त्यावर चालता चालता म्हणाली. "मी इकडून पाहून राहिली होती. नवी चप्पल होती त्याह्यची. हातात घेतली आन चालत आले."

भाऊ मधल्यामध्ये झुलत होता.

शुक्रवारी दुपारी पाटलांच्या ओट्यावर तिघंही हजर होते. इनायतुल्ला उठून पुढे आले, मायला सलाम केला आणि भाऊच्या मानेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. वामनरावांनी चष्मा लावला. खुशालराव मात्र चक्क खुशीत होते!

"या मास्तरीनबाई! आमी तुमचा घोर मिटवला. अकोटच्या जिनिंगवाल्या शेठले घोडा पाह्यजे. पोराच्या लग्नाले. नगद पैसे! आजच घेऊन जाते."

"पण बाबांची सही?"

"त्याचाच कागद केला हाय वामनरावांनी. तुमची एक सही, खल्लास! पुंजारामचा पाव हिस्सा तुमच्या हातावर. एक पैसा कमी नाही. सोमवारी तुमी धारनीले!"

माझा जीव एकदम हलका झाला. दहा दिवसांचे चौदा झाले होते, पण शेवटी सगळं वेळापत्रकात बसत होतं! वामनरावांनी दौत पुढे सरकवली. मी टाक बुडवला. सवयीनं कागद वाचू लागले.

"काय लिवलं हाये त्यात?" मायनं खालून विचारलं. ती ओट्याखाली घोड्याशी उभी होती. वर ये असं तिला कोणी म्हटलं नव्हतं आणि तीही आली नव्हती.

मी मोठ्यानं वाचलं. "लिहून देते की, माझे वडील मयत पुंजाराम हे सदर घोड्याची मोतद्दार म्हणून देखरेख करीत असत. घोड्यात त्यांचा कोणताही हिस्सा, हक्क वा संबंध नव्हता व नाही."

वामनराव घाईघाईनं म्हणाले, "कायद्याच्या दृष्टीनं सोय आहे हो ही. चौथा मालकच नव्हता असं झालं, की तिघांच्या सह्या पुरतात. पैसे तुम्हाला मिळताहेतच. मोतद्दार हा शब्द आपला उगाच, काही तरी लिहावं लागतं म्हणून."

"मोतद्दार म्हंजे?" माय.

"घोड्याची चाकरी करणारा," मी म्हणाले.

मायनं पदर नीट केला.

"पाटील, मंग त्याह्यचा पगार कोठी हाय?"

"कोनाचा?"

"मोतद्दाराचा! अडीच वर्सं चाकरी केली ना? पगार काढा. आन हरभऱ्याचे पैसे. मोतद्दार काय घरचा हरभरा चारते काय? आन तेल. आन नाल. सायकल इकली त्याह्यनं, तेही लिवा."

"मनकर्णा, तू काहून मधात बोलून राहिली? हे कागदाचं काम हाय!"

"मले कागद समजत नाही, पाटील. चाकरी समजते. आमी लय केली."

वामनराव डोकं खाजवीत म्हणाले, "मुद्दा आहे. कायद्यानं मुद्दा आहे."

"तुमी कोनाकडून हाय?" खुशालराव ओरडले.

सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी बाबा नव्हते. धारणीचं पत्र होतं. सही केली तर घोडा गेला, पैसे आले, सोमवार सांभाळला. नाही केली तर आज शुक्रवार, घोडा दारात, पंधरवडा माझ्या अंगावर, आणि पुढचा उमेदवार कपडे इस्त्री करत बसलेला! कागदावर चार ओळी. त्या कोण वाचणार होतं? डब्यातला करार फाडून टाकला की झालं.

टाकावरचा थेंब कागदावर पडला. बरोबर 'नव्हता' या शब्दावर.

"कागद खराब झाला," मी म्हणाले आणि टाक खाली ठेवला. "नवा लिहा, वामनराव. पुंजारामचा हिस्सा होता. आता तो त्यांच्या मुलीचा आहे. वारस दाखल्याला सहा महिने लागू देत. तोवर घोडा चौघांचाच."

"मंग घोडा परत घेऊन जा!" खुशालराव उसळले. "आधीच्यानं आनून सोडाचा नाही! कलम हाय!"

"नेते."

वामनराव हळूच म्हणाले, "दाखल्याचा अर्ज मी लिहून देईन. फी घेणार नाही." थोडं थांबून ते म्हणाले, "स्टँप तेवढा तुमचा."

मी लगाम धरला. तेवढ्यात माय म्हणाली, "मले बसव."

"काय?"

"घोड्यावर. पाय दुखून राहिले माहे."

तिचे पाय दुखत होते यात शंका नाही. मी बावचळून उभी राहिले. इनायतुल्ला पुढे झाले, खाली वाकले आणि दोन्ही हातांची बोटं गुंफून त्यांनी पायरी केली. "या, भाभी. हे खोगीर मी पुंजारामभाईच्या मापानं शिवलं होतं. अडीच वर्सं कोरंच राहिलं."

माय चढली. लुगडं सावरून, दोन्ही हातांनी आयाळ धरून, ओठ घट्ट मिटून बसली. भाऊ हलला. आम्ही पाटलांच्या दारापासून वेशीकडे, गावच्या मधल्या रस्त्यानं निघालो. लोक दारात आले. कोणी हसलं नाही. असा प्रसंग पुस्तकातही क्वचित येतो, असं मनात येतंय तोच भाऊ एका दारापुढे थांबला.

मी लगाम ओढला. ढिम्म! त्यानं मान आत घातली. आतून एक बाई मूठभर हरभरा घेऊन आली, त्यानं तो खाल्ला आणि पुढे निघाला. दहा पावलांवर दुसरं दार. पुन्हा मुक्काम! तिथं भाकरीचा तुकडा मिळाला. तिसऱ्या दारी कोणी बाहेर येईना तर त्यानं पायरीवर खूर आपटला.

"हे काय चाललंय?" मी एका म्हाताऱ्याला विचारलं.

"पाटलाचा घोडा हाय ना?" तो म्हणाला. "पाटलाचा पंधरवडा आला का असाच दारोदार फिरते बिचारा. पाटील सकाळी दावं सोडून देते. पंधरा दिस गावच चारते त्याले!"

हे तो जोरात बोलला. ओट्यावर ऐकू गेलं असावं, कारण वामनरावांनी चष्मा काढला आणि इनायतुल्ला चक्क खाली बसून हसू लागले. आमची मिरवणूक सतरा ठिकाणी थांबली! वेशीपर्यंत पोचायला तासावर वेळ लागला. मायनं घोड्यावरून एकेका बाईची विचारपूस केली. कोणाची सून कुठली, कोणाला नातू झाला. वेशीवर मी विचारलं, "उतरतेस का आता?"

"कशाले?" माय म्हणाली. "अजून लय लांब हाय घर."

शनिवारी रात्री घरी पोचलो आणि रविवारी मी धारणीची मोटार पकडली. निघताना मायनं बाबांचं घड्याळ माझ्या हातात दिलं. "अठी कोनाले पाह्यजे? घोडा त पळत नाही. तुले शाळेत कामी येईन." सोमवारी साडेदहाला मी हजर झाले. यादीतल्या चारही गोष्टींपुढे बरोबरची खूण केली. घोड्यापुढची खूण जरा फिक्की आली.

नंतरचं सगळं मला मायच्या पत्रातून कळलं. पत्र शेजारच्या मुलाकडून लिहून घेतलेलं. गावात एवढी शोभा झाल्यावर खुशालरावांना गप्प बसवेना. सुतक, अपशकुन सगळं विसरून ते त्याच आठवड्यात दोर घेऊन स्वतः आले आणि घोडा घेऊन गेले. ह्या वेळी त्यांनी तो दावणीला पक्का बांधला म्हणे. घरचा कडबा घातला. हरभरा नाही, नुसता कडबा.

चौथ्या दिवशी दुपारी आमच्या अंगणात धपकन आवाज झाला. माय बाहेर आली. भाऊ उभा! अंगावर फेस, गळ्यात तुटकं दावं, तोंड हरभऱ्याच्या टोपल्यात! त्याच्यामागून अर्ध्या तासानं खुशालराव मोटारीनं आले. धोतराला धूळ, डोळे फाटलेले.

"मनकर्णाबाई!" ते पहिल्यांदाच 'बाई' म्हणाले. "मोटारीत बसून मागं लागलो मी! ड्रायव्हरनं जोर लावला तरी सापडला नाही! बडनेऱ्यापासून त नुसता धुरळा दिसे! असा पळाला, बाई, असा पळाला! चोवीस मैल! पुण्याले असा पळाला असता त आमी चारी जन लखपती होतो!"

"किती टाईम लागला?" मायनं विचारलं.

"कोनं मोजला!"

माय लिहिते, खुशालराव घोडा परत न्यायला तयार नाहीत. वामनरावांनी करार पाहून सांगितलं, ज्याच्या दारात घोडा त्याचा खर्च, आणि तो आपल्या पायानं आल्यामुळे कोणी आणून सोडला असं होत नाही. तेव्हापासून भाऊ आमच्याच दारात आहे. माझ्या पगारातला जो भाग दर महिन्याला अमरावतीला जातो, त्यातला मोठा घास त्याचा असतो. 'त्याला खोकला नाही,' असं पत्राच्या शेवटी आहे. 'या थंडीत घोंगडी त्याला दिली नाही. मी घेतली.'

तारीख आणि वेळ मी जुळवून पाहिली. आमचा भाऊ आयुष्यात एकदाच पळाला, तेव्हा मी चौथीच्या वर्गात सतराचा पाढा घेत होते. बाबांचं घड्याळ समोर टेबलावर होतं. मी त्यात तास कधी संपतो ते पाहत होते.